टाउन हॉलमधली बिऱ्हाडं

पायऱ्या शोधू नका, त्या अजून बांधलेल्या नाहीत.

साल १८२१. मुंबईच्या कोटाच्या आत, बॉम्बे ग्रीन म्हणतात त्या मोकळ्या मैदानात तुम्ही उभे आहात. नावात हिरवळ असली तरी नजरेला पडतात त्या कापसाच्या गासड्या. माणसाच्या डोक्यापेक्षा उंच थप्प्या लागल्या आहेत. बैलगाड्यांना वाट मिळत नाही म्हणून गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करताहेत. कापसाचे तंतू नाकात जातात आणि तुम्हाला शिंका येतात. पश्चिमेला सेंट थॉमसचं चर्च आहे. कोटाच्या एका दरवाजाला चर्चगेट हे नाव मिळालं ते त्याच्यामुळे. पूर्वेला घरांच्या फटींतून जहाजांच्या डोलकाठ्या दिसतात, कारण समुद्र अजून इथून हाकेच्या अंतरावर आहे.

मैदानाच्या पूर्वेच्या कडेला पाया खणणं चालू आहे. कामाठी बाया पाट्या वाहताहेत. मुकादमाला विचारा, काय बांधताय? तो सांगेल, टौनहाल. कोण राहणार त्यात? यावर तो तुमच्याकडेच बघत राहील. मुकादमाला दोष देऊ नका. या प्रश्नाचं नेमकं उत्तर इमारतीची कल्पना काढणाऱ्यांकडेही नव्हतं, आणि पुढच्या दोनशे वर्षांत जे उत्तर मिळालं ते त्यांच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

कल्पना सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाची. वाचनवेडा माणूस. १८०४ साली त्याने परळला गव्हर्नराच्या बंगल्यात साहेबलोकांची लिटररी सोसायटी काढली आणि १८११ च्या सुमारास शहराला सभागृह हवं असं मांडलं. पैसे कुठून आणायचे, तर सोडत काढून. अहो, खरंच लॉटरी. तिकिटं विकून सरकारी इमारत उभारायची हे तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. आपल्या राज्याची लॉटरी माहीत असलेल्यांना आजही वाटू नये. पण सोडतीचे पैसे पुरेनात, काम रखडलं, आणि शेवटी उरलेला खर्च कंपनी सरकारच्याच गळ्यात पडला.

आराखडा कर्नल थॉमस कूपरचा, बॉम्बे इंजिनिअर्सचा अधिकारी. त्याला ग्रीक देवळासारखी इमारत हवी होती. चार वर्षांत, १८२५ ला तो वारला, आणि काम वॅडिंग्टन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने पुरं केलं. खांब इंग्लंडहून जहाजाने आले. त्यांतले काही इथे बसेनात म्हणून भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले, असं सांगतात. भायखळ्याला गेलात तर बघा, त्या चर्चचे खांब खरोखरच अंगापेक्षा बोंगा मोठा वाटावा इतके भारी आहेत.

आता बारा वर्षं ओलांडा. १८३३. इमारत उभी आहे. समोर तीस पायऱ्या, वर पन्हळी कोरलेले आठ डोरिक खांब. पुढे जाण्याआधी एक अट ऐका: या घरात शिरायला प्रत्येक काळात तुम्हाला वेगळा वेश लागणार आहे. आज तुम्ही हमाल आहात. तुमच्या नि आणखी दहा-बारा जणांच्या खांद्यांवर एक लाकडी खोका आहे आणि खोक्यात साहेब आहे. माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन. पेशवाई बुडवणारा, मुंबईचा गव्हर्नर झालेला. लंडनच्या चँट्रीने घडवलेला हा संगमरवरी साहेब जिवंतपणी जितका जड होता त्याच्या कितीतरी पट आता आहे. पायऱ्या मोजा. बाराव्या पायरीवर दम लागतो, विसाव्या पायरीवर मुकादम ओरडतो. वर पोचलात की खोका ठेवायचा आणि उतरायचं. खांद्यावर ओझं आहे तोवरच तुम्हाला आत जागा.

तरी ओझं ठेवता ठेवता एक नजर टाकून घ्या. तळमजल्यावर लष्कराची हिशेबकचेरी आणि वैद्यकीय मंडळाची कचेरी आहे. वर गव्हर्नराच्या दरबाराचं दालन. आणि बाजूच्या खोल्यांत पुस्तकं. मॅकिंटॉशची ती सोसायटी आता रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आहे, आणि इमारतीचं काम पुरतं संपायच्या आधीच तिने आपली कपाटं इथे आणून टाकली आहेत. टाउन हॉलचं हे पहिलं बिऱ्हाड. जागा अडवण्यात पुस्तकांसारखा चिवट भाडेकरू नाही.

त्या पुस्तकांना अजून इथल्या माणसांचा हात लागायचा आहे. सोसायटी अभ्यास करते तो हिंदुस्थानचा, पण हिंदी माणूस तिचा सभासद नाही. १८४० साली माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थाला सभासदत्व मिळालं, तेव्हा ती भिंत पहिल्यांदा फुटली. त्यानंतरच्या दशकात सोसायटीच्या जर्नलमध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ताम्रपटांवरचे लेख दिसू लागतात. ‘दर्पण’ काढणारा हा तरुण शास्त्री ज्या लिप्या वाचत होता, त्या वाचता याव्यात म्हणून साहेबांनी सोसायटी काढलेली. असो.

१८५०चं दशक. कापूस कुलाब्याला गेला आहे आणि ग्रीन ओसाड पडलं आहे. धूळ, कचरा, नारळाच्या करवंट्या. समोरच्या वडाखाली पागोटं घातलेली काही माणसं उभ्या उभ्या कुजबुजताहेत. जवळ जा. ‘घेतला’, ‘दिला’ एवढेच शब्द कानावर येतील. हे दलाल आहेत, शेअरचे. आज दलाल स्ट्रीटवर जो बाजार आहे त्याचं मूळ या वडाखाली. थोड्याच वर्षांत अमेरिकेत यादवी पेटेल, तिथला कापूस थांबेल, मुंबईत पैशाचा पाऊस पडेल आणि १८६५ साली याच माणसांतले कित्येक धुऊन निघतील. टाउन हॉल त्यांना सावली देत नाही. दुपारचं ऊन टळून मावळतीचं होतं, तसं ते पायऱ्यांवर चढत जातं.

आत दुसरं बिऱ्हाड आलं आहे. ते हौसेने आलेलं नाही. सरकारी वस्तुसंग्रहालय ज्या जागेत होतं ती १८५७च्या धामधुमीत सैनिकांसाठी घेतली गेली, आणि पेंढा भरलेले प्राणी, खनिजं, मातीची चित्रं असं सगळं घाईघाईने इथे हलवलं गेलं. त्यात बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. कोपऱ्यात एखादा पाय मोडलेला पक्षी दिसला तर ओळखा, तो उठावाचा निर्वासित आहे.

त्याच उठावाचा शेवटचा अंक बघायला १ नोव्हेंबर १८५८ ला या. आज तुम्ही गर्दीत आहात. मैदान फुललं आहे, पायऱ्यांवर गणवेश आणि झालरी. गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन, तुम्ही खांद्यावर वाहिलात त्याचा पुतण्या, उभा आहे. राणीचा जाहीरनामा वाचला जातो. कंपनी सरकार संपलं, आता थेट राणीचं राज्य. इंग्रजीत वाचून झाल्यावर मराठीतही. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, नोकऱ्यांत भेद करणार नाही. तुमच्या शेजारचा माणूस मान डोलावतो. पण तुम्हाला आठवतं, साधारण वर्षभरापूर्वी, पंधरा ऑक्टोबरला, इथून चालत जाण्याच्या अंतरावर एस्प्लनेडच्या मैदानात मंगल गाडिया आणि सय्यद हुसेन या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं होतं. तोफा आजही वाजतात. आजच्या सलामीच्या आहेत.

१८६२ साली मात्र या घराचा खरा हंगाम आहे. जानेवारीची बावीस तारीख. दरबार दालनात खुर्च्या मांडल्या आहेत. नव्या कायद्याप्रमाणे मुंबई प्रांताचं कायदेमंडळ भरतं आहे, पहिल्यांदाच. अध्यक्षस्थानी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क. सभासदांत काही हिंदी चेहरे, आणि त्यांत जगन्नाथ शंकरशेट. नाना. शाळा, रेल्वे, दवाखाने, शहरातलं काहीही निघालं तरी ज्यांचं नाव पहिलं येतं ते. तुम्ही दाराशी पट्टेवाला म्हणून उभे आहात. कायदा करण्याच्या खोलीत आपला माणूस बसलेला तुम्ही पहिल्यांदा पाहताय. निवडून कुणी दिलेलं नाही, नेमलेला आहे, अधिकारही बेताचेच. पण खुर्ची आहे. आजच्या विधानभवनातल्या गदारोळाचा पाळणा इथे या शांत, जराशा अवघडलेल्या खोलीत हलला, हे टीव्हीवर अधिवेशन बघताना आठवलं तर हसू येतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात पुन्हा या. विद्यापीठ कायद्याने १८५७ लाच जन्मलं, पण त्याला स्वतःचं छप्पर नाही, म्हणून तेही टाउन हॉलमध्येच बिऱ्हाड करून आहे. पदवीदान समारंभ. नवे गव्हर्नर बार्टल फ्रियर. बी.ए. झालेले पहिलेवहिले विद्यार्थी चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक. रानडे वीस वर्षांचे, अंगाने धिप्पाड, दृष्टी अधू. भांडारकर पंचविशीच्या आत. तुम्ही आज वरच्या खोलीतला ग्रंथालयाचा शिपाई आहात, दारात उभं राहायला हरकत नाही. बघून घ्या हे चार तरुण. महाराष्ट्राच्या पुढच्या पन्नास वर्षांतल्या वादांचा, सुधारणांचा, संस्कृत संशोधनाचा मोठा हिस्सा त्या चार पागोट्यांखाली आहे आणि ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही. भांडारकर पुढे याच घरात सोसायटीपुढे निबंध वाचायला येतील. भाऊ दाजी तर येतातच. डॉक्टरकीतून वेळ काढून शिलालेखांचे ठसे घेऊन येणारा हा माणूस दवाखान्यापेक्षा शिकवण्यात असायला हवा होता, असं त्यांचं बोलणं ऐकताना वाटतं.

आणि मग एकेक बिऱ्हाड उठायला लागतं. संग्रहालयाला भायखळ्याला स्वतःचं घर मिळतं, १८७२ साली. पुढे त्याला भाऊ दाजींचंच नाव दिलं जाईल. विद्यापीठ १८७४ ला ओव्हल मैदानाच्या कडेला आपल्या नव्या दालनात जातं. महानगरपालिका १८९३ ला बोरीबंदरसमोरच्या घुमटाखाली बसते. म्हणजे ज्याचं नावच टाउन हॉल, तिथे शहराचा कारभार पाहणारे राहिलेच नाहीत. कायदेमंडळालाही १९२८ मध्ये जुन्या खलाशीगृहात वेगळं सभागृह मिळतं. समोरचं ग्रीनही गेलं. तिथे गोलाकार इमारती आणि मधे बाग, एलफिन्स्टन सर्कल. मागे उरले पुतळे आणि पुतळ्यांची तर भर पडली. नाना शंकरशेट आता संगमरवरात आहेत, सर जमशेटजी जीजीभाई आहेत, फ्रियर आहेत. आणि पुस्तकं आहेत. ती हलायचं नाव काढत नाहीत.

१८८२ मधला एक दिवस चुकवू नका. भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याहून एक दगडी करंडा घेऊन आले आहेत. जुनागढचे भगवानलाल भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले. सोपाऱ्याच्या लोकांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखलेला मातीचा ढिगारा त्यांनी खणला, तर आत स्तूप. करंड्याचं झाकण उघडलं जातं. आत तांब्याची डबी आणि तिच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या ब्राँझमूर्ती. तांब्यात चांदीची डबी, चांदीत दगडाची, दगडात स्फटिकाची, स्फटिकात सोन्याची. सोन्याच्या डबीत सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. खापराच्या कपच्यांसाठी सोनं, स्फटिक, चांदी अशी एकावर एक आवरणं करणारे ते लोक, आणि ती एकेक उघडणारा हा काठियावाडी पंडित. तुम्ही टेबलाच्या कडेला आहात. कुणी तुम्हाला बाहेर जा म्हणत नाही, कारण कुणाचंच तुमच्याकडे लक्ष नाही. त्या वस्तू आजही सोसायटीच्या ताब्यात आहेत. दहा वर्षांनी, १८९२ ला, सोसायटीच्या अध्यक्षपदावर न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग बसले. पहिले हिंदी अध्यक्ष. माणकजींना दार उघडल्याला तेव्हा बावन्न वर्षं झाली होती.

आता १९१८. या वर्षी दोनदा यायचं आहे.

पहिल्यांदा १० जूनला. महायुद्ध चालू आहे, सरकारला शिपाई हवेत, म्हणून गव्हर्नर विलिंग्डनने टाउन हॉलमध्ये युद्धपरिषद बोलावली आहे. निमंत्रितांत टिळक. एकसष्टीचे, मंडालेहून परत आलेले, पुणेरी पगडी आणि उपरणं. बोलायला उभे राहतात. राजनिष्ठेची चार वाक्यं होतात आणि मग मुद्दा येतो: देशाचं रक्षण करायचं तर स्वराज्याचं बोलायला हवं. विलिंग्डन मधेच तोडतो. इथे राजकीय चर्चा नको. तुम्ही पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीशी उभे. सभागृहात क्षणभर कुणाची खुर्चीही करकरत नाही. टिळक बोलणं थांबवतात आणि चालू लागतात. त्यांच्यामागून नरसिंह चिंतामण केळकर, मागोमाग ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा इंग्रज संपादक हॉर्निमन. खांबांमधून ते तीस पायऱ्या उतरत जातात. ज्या इमारतीत शिरायला हिंदी माणसाला इतकी वर्षं लागली, तिच्यातून मान ताठ ठेवून निघून जाणं हेही एक प्रकारचं प्रवेश करणंच होतं, असं मला वाटतं.

दुसऱ्यांदा ११ डिसेंबरला. हाच विलिंग्डन आता मुदत संपून निघाला आहे आणि शहरातल्या बड्या मंडळींनी त्याचं स्मारक उभारायचा घाट घातला आहे. ‘मुंबईच्या नागरिकांतर्फे’ सभा. ते नागरिक कोण, हे दाखवायला बॅरिस्टर महंमद अली जीना आणि त्यांची माणसं सकाळपासून पुढच्या रांगा धरून बसली आहेत. आज तुम्हाला पट्टेवाल्याचा वेश नको. तुम्ही त्या रांगेत बसलेले नागरिक आहात, डबा बरोबर आणलेला आहे, आणि जागेवरून उठायचं नाही असं ठरवून आलेले आहात. दिवस जातो. संध्याकाळी अध्यक्षाची सूचना मांडली जाते आणि तिच्या पहिल्या शब्दाबरोबर सभागृह ‘नाही! नाही!’ने दणाणतं. कोण बोललं, काय ठराव झाला, कुणालाच ऐकू येत नाही. पोलीस शिरतात आणि सभागृह रिकामं करतात. धक्काबुक्की जीनांनाही चुकत नाही. पण बाहेर पायऱ्यांवर आणि सर्कलमध्ये उसळलेली गर्दी त्यांना विजयी वीरासारखी वागवते. त्यांच्या सन्मानार्थ लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून एक सभागृह बांधलं, काँग्रेस हाउसच्या आवारातला पी. जे. हॉल. लोकांच्या पैशातून उभं राहिलेलं सभागृह. मॅकिंटॉशच्या सोडतीपेक्षा ही पद्धत पुष्कळच सरळ. हॉर्निमनला पुढच्या वर्षी सरकारने हद्दपार केलं. स्वातंत्र्यानंतर टाउन हॉलसमोरच्या त्या वर्तुळाला त्याचंच नाव मिळालं, आणि इथे एलफिन्स्टन हे नाव राहिलं ते फक्त आतल्या संगमरवरात.

पुढचा काळ मी भरभर ओलांडतो. १९३०च्या दशकात मुसोलिनीने सोसायटीकडच्या दान्तेच्या जुन्या हस्तलिखितासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नाही म्हटलं, ही कथा तुम्हाला इथे प्रत्येक जण सांगेल. कथा छान आहे. त्या हस्तलिखिताचा नीट अभ्यास केलेला माणूस भेटला तर मला मात्र त्याच्याशी बोलायला आवडेल.

मला थांबायचं आहे ते १९५०-६०च्या एखाद्या दुपारी. पंखे गरगरताहेत, जमीन सागवानी, पावलं वाजतात म्हणून लोक टाचा उचलून चालतात. १९५४च्या कायद्याने देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत या इमारतीत येऊ लागली आहे, म्हणून गठ्ठ्यांची रास रोजची. या कपाटांमधून महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी वर्षानुवर्षं ग्रंथ काढून वाचले. हायकोर्टाची वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा हा माणूस १९३० ला पहिला खंड काढतो आणि १९६२ ला शेवटचा. सहा हजारांवर पानं. १९६३ ला भारतरत्न. दुसऱ्या टेबलावर दुर्गा भागवत. ही बाई आणीबाणीत तुरुंगात जाईल, पण तिला आत्ता फक्त ते पुस्तक हवं आहे जे शिपायाला सापडत नाहीये. तिच्यासाठी एशियाटिक म्हणजे रोजची कामाची जागा. या घराला एवढ्या राज्यपालांनी भेटी दिल्या, पण ते वापरावं कसं हे कळलं ते या वाचकांना. आता तुम्हाला कुठला वेश लागत नाही. सही करा आणि बसा.

खालच्या दाराला मात्र वेगळीच गर्दी. सरकारचं मुद्रांक कार्यालय याच इमारतीत, त्यामुळे कित्येक मुंबईकरांनी ‘टाउन हॉल’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो स्टॅम्प पेपरच्या संदर्भात. घराचा करार, भागीदारी, मृत्युपत्र. वकिलांची पोरं सकाळपासून रांगेत. त्यातल्या एखाद्याला वर दान्ते आहे हे सांगितलं, तर तो विचारेल, ‘कुठल्या खिडकीवर?’

आणि आजची संध्याकाळ. शहीद भगतसिंग मार्गावर बेस्टची बस हॉर्न मारते, समोरच्या बाजूला रिझर्व्ह बँकेतली माणसं सुटताहेत. पायऱ्यांवर इंजिनिअरिंगची मुलं, एक गिटार, दोन लग्न ठरलेली जोडपी आणि त्यांचे फोटोग्राफर. एक फोटोग्राफर नवरीच्या घागऱ्याचा घोळ खांबापासून खांबापर्यंत पसरवतोय. तुम्ही त्यातून वाट काढत वर जाता. सुरक्षारक्षक अडवत नाही, फक्त विचारतो, ‘मेंबर?’ तुम्ही मान हलवता. तो वही पुढे सरकवतो. ‘नाव, वेळ, फोन नंबर लिहा. पुस्तकं सात वाजता बंद होतात. आणि ताई,’ तो घागऱ्याकडे वळून ओरडतो, ‘पायरी धरून बसा, दार सोडा.’